क्लच नसलेली वॅगन घेऊन मुंबईला

ज्या शहरासाठी मी पत्रकं छापली, भिंती रंगवल्या आणि तुरुंगातली पाणचट आमटी प्यालो, ते शहर मी या उन्हाळ्यापर्यंत डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. 'मुंबईसह' हा शब्द छापखान्याच्या खिळ्यांत इतक्यांदा जुळवला होता की डोळे मिटूनही जुळवता आला असता. आता जाऊन आलो. आपल्या सीमाभागातली माणसं भेटली की विचारतात, समुद्र कसा आहे, राणीची बाग पाहिलीस का. समुद्र आहे. राणीची बाग पाहिली नाही. मुंबई मी पाहिली ती बरीचशी एका मोटारीखाली आडवं पडून.

मोटार आमच्या प्रचार मंडळाची. मूळ एका संस्थानिकाच्या शिकारीची अमेरिकन वॅगन, लांब, उंच, मागे सहा माणसं आणि दोन कर्णे मावतील एवढी. संस्थान गेलं, गाडी लिलावात निघाली, एका तंबाखूच्या व्यापाऱ्याने ती घेऊन आम्हाला दिली. या गाडीला क्लच नाही. पायाशी दोनच पेडल, एक ब्रेकचं आणि एक पळवायचं. स्टेअरिंगजवळची दांडी 'डी' अक्षरावर आणली की गाडी आपले गिअर आपणच बदलते.

म्हणूनच बापूकाका तिचे ड्रायव्हर होऊ शकले. बापू चौगुले मोठ्या लढाईत इटलीत लॉरी चालवत होते. सुरुंगाने डावा पाय गुडघ्याखालून नेला. तिथे आता लाकूड आहे. क्लच दाबायला डावा पाय लागतो. परत आल्यावर कोणी त्यांना स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. बैलांना पाणी पाजणं आणि वखारीवर राखण बसणं, एवढंच राहिलं. ही वॅगन आली आणि काका पुन्हा खाकी सदरा घालू लागले.

ती बिघडली कशी, तेही सांगतो, कारण आपल्याकडे कोणी ते स्पष्ट बोलत नाही. मंडळाचे अध्यक्ष अण्णा तुरुंगातून सुटले तेव्हा त्यांची मिरवणूक निघाली. पुढाऱ्याच्या गाडीचे बैल सोडून माणसांनी गाडी ओढायची हा आपला जुना मान. बैल नव्हते, म्हणून वॅगनला फुलांनी गुंडाळलेला दोर बांधला. इंजिन कर्ण्यांसाठी चालू ठेवायचं होतंच. बाजाराच्या चढावर ओढणारी पोरं दमली. अण्णांनी आतून सांगितलं की बापू, थोडं इंजिन लाव, पण कळू देऊ नकोस. काकांनी दांडी 'डी'वर घेतली, आणि दोर धरलेल्या पोरांच्या अंगावर गाडी जाऊ नये म्हणून ब्रेकही दाबून धरला. संध्याकाळभर इंजिन ढकलत होतं, ब्रेक अडवत होता आणि पोरं ओढल्याचं सोंग करत होती. खालून धूर येऊ लागला. लोकांना वाटलं कुणीतरी ऊद जाळलाय. एकदोघांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही.

अण्णांचा हुकूम सरळ होता. मुंबईला ने, तो फाजील गिअर काढून टाक, ट्रकचा साधा गिअर आणि क्लच बसवून आण. गावोगावचा दौरा तोंडावर आलाय. मी विचारलं, मग बापूकाका? "बापूचं नंतर बघू," अण्णा म्हणाले. "चालवायला माझा भाचा आहे." काका बाहेर गाडीची काच पुसत होते आणि खिडकी उघडी होती.

लालबाग

तंबाखूच्या लॉरीने आम्हाला ओढत नेलं. निघण्याआधी काकांनी गाडीखाली सरपटत जाऊन मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सोडवून घेतला, म्हणजे चाकं फिरली तरी गिअरची पेटी आत फिरणार नाही. सगळा रस्ता ते लॉरीच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून ब्रेक सांभाळत होते. प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. धूळ आपल्यासारखीच आहे.

लॉरी लालबागला वखारीशी रिकामी झाली आणि आमची वॅगन एका चाळीसमोर सोडून गेली. आम्ही तिच्यातच झोपलो. आपल्याकडे परगावची गाडी वेशीत उभी राहिली तर दहा माणसं जमतात, कुणाचे, कुठले, जेवलात का. इथे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मी मनात लिहूनही टाकलं की मुंबईचा माणूस कोरडा. सकाळी वरच्या गॅलरीतून एका बाईने हाक मारली, "ओ वॅगनवाले, पाणी भरून घ्या, आता नळ जाईल." खाली बादली आली. ती परत मागायलाही कोणी आलं नाही. संध्याकाळी मीच नेऊन दिली. तिथे पाहुणचार असा असतो. विचारपूस नाही, बादली आहे.

जेवायला एका मालवणी बाईंची खानावळ सापडली. सगळ्यात नारळ. 'तिसऱ्या' नावाचे शिंपले मी पहिल्यांदा खाल्ले आणि पहिला शिंपल्यासकट चावला. काका जेवता जेवता म्हणाले, ह्यात तिखट कुठं हाय. बाईंनी ऐकलं. "घाटी ना तुम्ही? मिरची हातात देऊ काय चावायला?"

कोकण काय नि घाट काय, मराठी माणूस एक, असं मी पत्रकातलं वाक्य सुरू केलं. बाई म्हणाल्या, एक असेल, पण पंगत दुसरी बसायचीय, उठा.

दादर

दादर आणि परळच्या गॅरेजांत आम्ही पायीच हिंडलो. दादरला एका मोठ्या गॅरेजचे मालक पुण्याच्या बोलीत बोलणारे, रुमालाने बोटं पुसत बाहेर आले. चळवळीबद्दल आदर आहे म्हणाले. गाडीचं वर्णन ऐकून म्हणाले की ती विकून टाकावी हे उत्तम. बाकीच्यांनी आदराचा भाग वगळून तेच सांगितलं, नाहीतर ट्रकचा गिअर सुचवला. परळला एका ठिकाणी तसा गिअर तयारच होता, तेल पुसून फळीवर ठेवलेला. हो म्हटलं असतं तर माझं काम तिथेच संपत होतं. मी म्हणालो, विचार करून सांगतो. काका तो गिअर पाहत उभे होते. त्यांनी त्याची दांडी एकदा पुढेमागे केली, हात पुसले आणि चालू लागले.

मला खरं तर संताप आला होता, पण कुणावर ते ठरत नव्हतं. जुलमी सरकारवर मी रोज लिहितो. सरकारने काकांचं काही वाईट केलं नव्हतं. करणार होतं ते आमचं मंडळ.

त्याच दुपारी रस्ता ओलांडताना काकांचा लाकडी पाय ट्रामच्या रुळाच्या खाचेत अडकला. मी ओढतो तर निघेना. समोरून ट्राम आली आणि घंटा बडवत थांबली. कंडक्टर उतरला, खाली बसला, पाय एक वळसा फिरवून सोडवला. "काका, एका पायावर ट्रामचा परवाना देत नाय," म्हणाला आणि त्यांना हाताला धरून ट्राममध्ये चढवलं. जुन्या गाड्यांचं बोलणं निघालं. गिरगावच्या पास्कलमिस्त्रीचं नाव त्यानेच सांगितलं. वकिलातीतल्या अमेरिकनांच्या गाड्या हाच माणूस बघतो म्हणे.

गिरगाव

लॉरी पुन्हा माल घेऊन आली तेव्हा तिने वॅगन गिरगावपर्यंत ओढून दिली. मुख्य रस्त्यावरून आत वळलं की एक गल्ली लागते, बाहेरून जिने असलेली लाकडी घरं, कोपऱ्यावर हार घातलेला क्रूस. पास्कलमिस्त्रीचं गॅरेज म्हणजे त्यांच्या घराखालचं अंगण. पन्नाशीचे, ढेरपोटे, अंगात बनियन. मी हिंदीत सुरुवात केली, "साब, हम बहुत दूर से आया है."

"माझा आजा ह्याच गल्लीत जन्मला," ते मराठीत म्हणाले. "तू मला हिंदीत कशाला सांगतो?"

वॅगनवर रंगवलेली मुंबईची घोषणा त्यांनी सावकाश वाचली आणि म्हणाले, स्पेलिंग बरोबर आहे. बनेट उघडून त्यांनी गिअरच्या तेलाची पट्टी उपसली. हे तेल मुळात लाल असतं. आमचं डांबरासारखं होतं. त्यांनी वास घेतला आणि पट्टी जिन्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बायकोपुढे धरली.

"फ्लोरी, काय ते सांग."

"करपलंय," फ्लोरीबाई मान वर न करता म्हणाल्या.

मिस्त्रींनी विचारलं की ब्रेक धरून गाडी कुठे ताणली होती. काकांनी मिरवणुकीची हकिगत सांगितली, इंजिनासकट आणि उदाच्या धुरासकट. मिस्त्री हसता हसता पायरीवर बसले. मग डोळे पुसून म्हणाले की मुंबईत ही पेटी उघडणारे दोघंच, त्यातला दुसरा वारला, आणि तरी त्यांचं मत विचाराल तर ट्रकचा गिअर टाका. तो पुढाऱ्यांच्या मिरवणुकीतसुद्धा टिकतो.

"कोण चालवतो?" त्यांनी विचारलं.

काकांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसून डावा पाय आत घेतला. लाकूड पत्र्यावर टकटक वाजलं. मिस्त्रींनी पाहिलं.

"हा क्लच कसा दाबणार?"

"मी न्हाई दाबणार," काका म्हणाले. "दुसरा दाबंल."

फ्लोरीबाईंचा हात तांदळात थांबला. मिस्त्री माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, ट्रकचा गिअर नको, हाच दुरुस्त करा.

"आणि तुझा अध्यक्ष काय म्हणेल, पुढारी?"

"ते घरी आहेत," मी म्हणालो.

यानंतरचे दिवस मी गाडीखाली काढले. मिस्त्री बोलत जायचे आणि मी नट हातात घेत जायचो. पेटी निघाली. आत पोलादी चकत्यांची चळत होती. वेग घेतल्यावर त्या एकमेकींना आवळून धरतात. त्यांच्यावरचं अस्तर जळून खपली झालं होतं. शिवाय दोन पट्टे. एक गाडीला जागेवरून पुढे काढतो, दुसरा मागे नेतो. पुढचा लोखंडापर्यंत झिजला होता. मागचा जवळजवळ कोरा, कारण संस्थानिकाची गाडी मागे घ्यायची वेळच यायची नाही. समोरचेच बाजूला व्हायचे. असले पट्टे बाजारात मिळत नव्हते. मिस्त्री म्हणाले, कोरा पट्टा थोडा कापून पुढे बसवता येईल, पण मग गाडी मागे जाणार नाही. कधीच.

काकांनी कोरा पट्टा हातात घेऊन पाहिला. "मागं ढकलायला माणसं मिळतील. बसवा."

जेवण फ्लोरीबाई घालायच्या. त्यांच्या समाजात 'फुगे' करतात, आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आणि त्यांच्याबरोबर बोंबलाची चटणी. आपल्याकडे ख्रिस्त्याच्या घरी पाणी प्यायचं तर माणूस आधी कोण पाहतंय ते बघतो. काकांनी फुगे खाल्ले आणि पुन्हा मागितले. चटणीत मिरची भरपूर होती. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो, म्हणाले.

डिलाईल रोड

चकत्यांच्या अस्तराचं काय करायचं, यावर मिस्त्रींनी मला चकत्या फडक्यात बांधून डिलाईल रोडला धाडलं, गिरणीत रोलर खात्यात काम करणाऱ्या कांबळ्यांकडे. सूत ओढणाऱ्या रोलरवर बुचाचं वेष्टन असतं. ते झिजलं की काढून नवं चिकटवायचं, हे त्या खात्याचं काम. मोटारसायकलच्या चकत्यांना बूच लावून देण्याचा जोडधंदा कांबळे घरी करायचे. बूच तेलात भिजलं तरी पकड सोडत नाही.

चाळीत एका खोलीत सात माणसं. भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर, तिच्याखाली जुन्या देवांच्या चौकटींचे पांढरे चौकोन. चळवळीचा बिल्ला पाहून कांबळे म्हणाले, या कार्यकर्ते, बसा, आमच्याकडेही मोर्चे होतात, मी चालून आलोय. बूच कापता कापता त्यांनी चकत्या कशाने जळल्या ते विचारलं. मिरवणुकीची गोष्ट मी आता सराईतपणे सांगत होतो. उदापाशी सगळे हसतात. कांबळेही हसले. मग त्यांनी विचारलं, "त्या दोराला कोण होतं?"

"गावातली पोरं. मंडळाची."

"आमच्या लोकांच्या वस्तीतलं कुणी?"

मी आठवून पाहिलं. दोराला हात लावणाऱ्यांची नावं आदल्या दिवशी अण्णांच्या ओसरीवर ठरली होती, मान कुणाकुणाला द्यायचा म्हणून. गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं मिरवणुकीत होती, शेवटी, कंदील धरून.

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे ओढल्याचं सोंग करायलासुद्धा आम्ही नाय," कांबळे म्हणाले. आवाजात राग नव्हता. सरस लावलेली चकती त्यांनी शिकंज्यात घालून आवळली. त्यांच्या बायकोने चहा पुढे केला आणि नवऱ्याला म्हणाली, माणूस चकत्या घेऊन आलाय, त्याला चकत्या द्या. ते म्हणाले, देतोच आहे, चकती काय मी अर्धी लावली का? महाराष्ट्र झालाच पाहिजे, माझं म्हणणं तेच आहे. फक्त झाल्यावर दोर कुणाच्या हातात, एवढंच विचारून ठेवतो.

मला याच्यावर पत्रक लिहिता आलं नाही. अजून आलेलं नाही.

पुन्हा गिरगाव

पेटी चढली, तेल लाल झालं. काकांनी खाकी सदरा घातला. मिस्त्री त्यांच्या शेजारी बसले, मी मागे. गल्लीतून गाडी बाहेर निघाली. चौपाटीवरून पुढे वेग घेतला आणि एक बारीकसा धक्का बसला. गिअर आपला आपण बदलला होता. "लागला," मिस्त्री म्हणाले. काकांनी लाकडी पाय दोनदा पत्र्यावर आपटला.

समुद्र पाहिला तो तेव्हा, उजव्या खिडकीतून. मोठा आहे.

परतीचं वळण घेताना गंमत झाली. नेहमीचा ड्रायव्हर एकदा मागे घेऊन वळवतो. आम्हाला मागे नव्हतं. काकांनी सगळा रस्ता व्यापून एवढा मोठा वळसा घेतला की एका व्हिक्टोरियावाल्याने घोडा थांबवून आमच्या घराण्याची चौकशी केली. मिस्त्रींनी खिडकीतून त्याला तेवढ्याच आपुलकीने उत्तर दिलं. उतरताना त्यांनी काकांना बजावलं की चढावर ब्रेक आणि 'डी' एकदम नको, पुढारी आत असला तरी. आणि कोणी ओढणारच असेल तर दांडी न्यूट्रलवर आणि इंजिन बंद.

घरी

घाटासकट सगळा रस्ता काकांनी चालवला. गावाच्या वेशीवर अण्णा, त्यांचा भाचा आणि मंडळाची पोरं उभी होती. पोरांच्या हातात फुलांचा दोर. भाच्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, खाली वाकला आणि तिसरं पेडल शोधू लागला.

"क्लच कुठाय?" अण्णांनी मला विचारलं.

मी म्हणालो, नाही बसवला. बापूकाका चालवतील. आणि दोर लावायचा नाही, गेल्या वेळी गाडी त्यानेच जळली, असं मुंबईचा मिस्त्री म्हणाला. दोराने नव्हे, इंजिनाने जळली, हे अण्णांना माझ्याइतकंच माहीत होतं, पण ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. त्यांनी भाच्याला बाजूला घेतलं. ते माझ्याशी दौऱ्याच्या पहिल्या गावापर्यंत बोलले नाहीत. दोर कोणीतरी मागच्या बाकाखाली फेकला.

दौऱ्यात तिसऱ्या की चौथ्या गावी सभा वस्तीत घ्यायची असं मी सुचवलं. अण्णांनी हरकत घेतली नाही, आले मात्र उशिरा. वस्तीचा रस्ता गावाबाहेरून जातो आणि विहिरीपाशी संपतो. सभा झाली. निघताना लक्षात आलं की पुढे विहीर आहे, दोन्ही बाजूंना घरं, आणि आमच्या गाडीला मागे जाता येत नाही.

अण्णा आत बसून होते. काकांनी मला दोर काढायला सांगितलं. फुलं केव्हाच गळली होती, नुसता काथ्या उरला होता. मी तो मागच्या बाजूला बांधला. मंडळाची पोरं सवयीने पुढे आली. पण गल्ली अरुंद, आणि गाडीमागे वस्तीतलीच माणसं उभी होती. त्यांनी दोर उचलला होता. मंडळाच्या एकाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला कंदील धरायला सांगितलं.

काकांनी इंजिन बंद केलं, दांडी सरकवली आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"न्यूट्रल हाय," ते म्हणाले. "ओढा आता."

गाडी जड होती. त्यांना बराच जोर लावावा लागला.